दोन्हीकडे चोवीस लाख

१५ सप्टेंबर २०२५. प्राप्तिकर रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून इथवर सरकली होती, तरी निम्मे क्लायंट शेवटच्याच दिवशी जागे झालेले. पोर्टल दुपारपासून गोल गोल फिरत बसलं होतं. (रात्री उशिरा आणखी एक दिवस वाढवून मिळाला. तोवर आमचा जीव अर्धा झाला होता.)

त्यात एका कारखानदार शेठजींची फाइल उघडली. ते पगार घेत नाहीत, त्या वर्षी कंपनीने डिव्हिडंडही दिला नव्हता. घरखर्च शेअर तारण ठेवून काढलेल्या कर्जावर चालतो, आणि कर्ज म्हणजे काही उत्पन्न नव्हे. उत्पन्न एकच. वडिलांचे लिस्टेड शेअर ऑक्टोबर २०२४ मध्ये ३८ लाखांना विकलेले.

ब्रोकरच्या रिपोर्टमध्ये खरेदी किंमत शून्य. वारसाहक्काने आलेल्या शेअरचं हे जुनंच दुखणं, शेअर डिमॅट खात्यात येतात आणि किंमत मागेच राहते. ते शून्य डोळे झाकून तसंच पुढे ढकलणारे महाभाग आमच्या सीएच्या धंद्यात कमी नाहीत. मी वडिलांची १९९६ ची पिवळी पडलेली कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरची खरेदीची पावती, शोधायला लावली. मूळ किंमत काही हजारच, पण ३१ जानेवारी २०१८ पर्यंतची वाढ कायद्याने माफ आहे, म्हणून त्या दिवशीचा सर्वोच्च भाव काढला. मध्ये २०१९ चे बोनस, म्हणजे फुकट मिळालेले, शेअर घुसले होते. त्यांना ही सवलत नाही आणि किंमतही शून्यच धरायची. पण डिमॅटमध्ये आधी आलेला शेअर आधी विकला असं मानतात, आणि वडिलांचे तर २०१६ मध्येच आलेले. म्हणजे विकले ते सगळे जुने. शून्याचे १४ लाख झाले, नफा ३८ वरून २४ लाखांवर आला.

त्यातून सव्वा लाखाची सूट. दुसरं उत्पन्नच नसल्याने ३ लाखांची करमुक्त मर्यादाही इथेच वळती केली. उरलेल्या पावणेवीस लाखांवर १२.५ टक्के आणि सेस (उपकर), एकूण २,५६,७५० रुपये. शून्य तसंच राहिलं असतं तर ४,३८,७५० बसले असते. १,८२,००० वाचवले, तेही पूर्ण नियमात. माझी मीच पाठ थोपटली.

शेठजींना फोन केला. "अडीच लाख? सरकारला आम्हीच पोसायचं का मॅडम?"

पुढची फाइल त्यांच्याच कंपनीतल्या प्रॉडक्शन मॅनेजरची. पगार २४.७५ लाख, स्टँडर्ड डिडक्शनचे ७५ हजार वजा, उरले २४ लाख. नव्या पद्धतीने कर ४,२६,४००, तोही दर महिन्याला आधीच कापलेला. दहा मिनिटांचं काम.

आमच्या आर्टिकल (शिकाऊ सीए) मुलीने दोन्ही कॉम्प्युटेशन प्रिंट करून एकावर एक ठेवली आणि थबकली. "मॅडम, दोघांचं २४ लाखच आहे ना? यातलं एक चुकलंय का?"

चुकलं काहीच नव्हतं. मी तिला शेठजींची बाजू सांगायला लागले. त्यांची कंपनी नफ्यावर २५.१७ टक्के भरते. शिवाय श्रीमंत कर भरतच नाहीत हे व्हॉट्सअॅपवरचं रडगाणंही अर्धवट आहे. दोन कोटींच्या वर पगार असलेल्याचा वरचा रुपया ३९ टक्क्यांनी कापला जातो. पण शंभर कोटींचे जुने शेअर विकले तरी सरचार्ज (करावरचा अधिभार) १५ टक्क्यांवर अडतो आणि दर १४.९५ च्या पुढे जात नाही. न विकलेल्यांचा तर प्रश्नच नाही. संपत्ती कर २०१५ मध्ये गेला, इस्टेट ड्यूटी (वारशावरचा कर) १९८५ मध्येच.

तिने मान डोलावली, पण तिला पटलं नव्हतं. बोलता बोलता माझं मलाही पटेनासं झालं. दर सरकार ठरवतं, त्याला मी काय करणार! मला खुपत होते ते माझे दोन तास. एकाच्या १९९६ च्या कागदाला मी एवढा जीव लावला, आणि दुसऱ्याच्या फॉर्म १६ मध्ये, म्हणजे कंपनीने दिलेल्या पगार-कराच्या दाखल्यात, हुशारी चालवायला जागाच नव्हती. त्या फॉर्मखाली सहीही शेठजींचीच.

तेवढ्यात मॅनेजरचा मेसेज आला, "मॅडम, यंदा काही वाचेल का?"

"नाही," एवढंच लिहिलं आणि ओटीपी मागितला.