रात्री दोन वाजता कोणाला फोन करायचा

बाबा जाऊन आता अडीच वर्षं होतील. तेव्हापासून सोसायटीत, ऑफिसात, नात्यात कोणाकडे काही झालं की मला फोन येतो. "तू केलंयस ना सगळं, आता काय करायचं सांग." मी सांगते, कितीही वाजले असले तरी सांगते, कारण त्या रात्री आम्हाला सांगणारं कोणी नव्हतं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून आज एकदा नीट लिहून ठेवतेय. हे पुण्यातलं आहे. तुमच्या गावात थोडं वेगळं असेल, पण मुळात फरक नाही.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, स्मशानाचा पास कुठे मिळतो? गुरुजी कोण, सामान कुठून आणायचं? खरं तर पहिला प्रश्न डॉक्टर कोण हा आहे. घरी मृत्यू झाला असेल तर डॉक्टरच्या सर्टिफिकेटशिवाय एक पाऊल पुढे जात नाही. बाबा रात्री दोनच्या सुमारास झोपेतच गेले, हार्ट पंधरा टक्क्यांवर आलेलं होतं, आम्हाला कल्पना होती. तरी मी घाबरून अॅम्ब्युलन्स बोलावली. त्यांनी तपासलं, "गेलेत ताई" म्हणाले आणि सर्टिफिकेट आम्ही देत नाही असं सांगून गेले. फॅमिली डॉक्टर गावाला. जवळच्या हॉस्पिटलमधले ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले की मी यांना कधी बघितलेलंच नाही, मी कसं लिहून देऊ, फार तर पोस्टमॉर्टेमला पाठवतो. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. आता कळतं की ते बरोबर होते. ज्याने शेवटच्या आजारात उपचार केलेत त्यानेच मृत्यूचं कारण लिहून द्यायचं असतं, घरच्या मृत्यूसाठी ४-ए नंबरचा फॉर्म असतो, हॉस्पिटलमधल्यासाठी ४ नंबरचा. आणि जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आहे त्यात स्पष्ट आहे की हे सर्टिफिकेट फी न घेता द्यायचं. शेवटी सकाळी सात वाजता बाबांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी फाइल बघून, घरी येऊन लिहून दिलं. म्हणजे पाच तास आम्ही नुसते फोन करत होतो.

म्हणून घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल, वय झालेलं असेल, तर डॉक्टरांना अधूनमधून घरी बोलावत राहा, आणि सरळ विचारून ठेवा की रात्री-अपरात्री काही झालं तर तुम्ही याल का, नाही तर कोणाला फोन करू. विचारताना जीभ जड होते. तरी विचारा.

या पाच तासांत अजून एक गोष्ट झाली. आई बाबांच्या उशाशी नुसती बसून होती, मी फोनवर, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांनी काही न विचारता बाबांचे डोळे मिटले, हात-पाय सरळ केले, पायाचे अंगठे सुताने एकत्र बांधले, आणि बाबांचाच तपकिरी मफलर घेऊन हनुवटीखालून डोक्यावर नेऊन हलकी गाठ मारली. "तोंड उघडं राहतं गं, दोन-तीन तासांनी शरीर ताठ होतं, मग काही करता येत नाही" एवढंच म्हणाल्या. हे कुठल्या फॉर्मवर लिहिलेलं नसतं. पूर्वी वाड्यात कोणीतरी म्हातारं माणूस असायचं ज्याला हे माहीत असायचं. आता आपल्यालाच माहीत हवं. एसी असेल तर लावा, नाही तर शीतपेटी भाड्याने मिळते, तासाभरात घरी आणून देतात.

शीतपेटीचा विषय निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला, परदेशातल्या मुलासाठी थांबायचं का? माझा भाऊ टोरांटोला आहे. लगेच निघाला असता तरी दीड दिवस लागला असता. आम्ही त्यालाच विचारलं. तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, थांबू नका, आईला दोन रात्री असं बसवू नका. तुमच्या घरात उत्तर वेगळं असेल, हॉस्पिटलच्या शवागारात ठेवता येतं, लोक ठेवतात, त्यात चूक काहीच नाही. पण निर्णय त्याला विचारून घ्या. मामा-काकांनी परस्पर ठरवलं तर ते त्या मुलाच्या मनात आयुष्यभर राहतं, मी बघितलंय.

सर्टिफिकेट मिळालं की मग स्मशानाचा पास. आमच्याकडे पालिकेच्या दवाखान्यातून घ्यावा लागला, काही शहरांत स्मशानातच नोंद करून घेतात. गेलेल्या माणसाचं आधार आणि अर्ज करणाऱ्याचं आधार, दोन्हीच्या झेरॉक्स न्या. आणि इथे, कृपा करून इथे, रडवेल्या माणसाला पाठवू नका आणि घाईतल्या माणसालाही नको. आमच्याकडे माझा आतेभाऊ गेला, बिचारा धावतपळत, त्याने नाव आठवून लिहिलं. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, त्याने लिहिलं दुसरं, एका अक्षराचा फरक. तेच पालिकेच्या मृत्यूच्या दाखल्यावर छापून आलं. आईची फॅमिली पेन्शन त्या एका अक्षरापायी चार महिने अडली, अॅफिडेव्हिट, दुरुस्तीचा अर्ज, बँकेत तीन चकरा, आणि प्रत्येक खिडकीवर आईला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागायचं की ते कधी गेले, कसे गेले. आधार समोर धरून एकेक अक्षर बघून लिहा.

मृत्यूची नोंदणी २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत लेट फी, मग वर्षाच्या आत असेल तर अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटची ऑर्डर. हॉस्पिटलमध्ये गेले असतील तर कळवायचं काम हॉस्पिटलचं असतं, घरी गेले असतील तर आपलं. दाखल्याच्या कॉपी आठ-दहा तरी घ्या. आणि गेलेल्या माणसाच्या एटीएम कार्डातून पैसे काढू नका, पिन माहीत असला तरी, नंतर वारसांमध्ये त्यावरून काय काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

पडून, भाजून, अपघाताने, सर्पदंशाने किंवा आत्महत्येने मृत्यू झाला असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी पोलिसांना कळवा. पंचनामा होतो, पोस्टमॉर्टेम होतं, पोलिसांचं पत्र मिळाल्यावरच अंत्यविधी. बाथरूममध्ये पाय घसरून गेलेल्या आजींच्या घरचे मला म्हणाले की लोक काय म्हणतील, आमच्यावर संशय घेतात की काय. तसं नसतं. ती पद्धत आहे आणि पुढे विम्याच्या क्लेमला तेच कागद उपयोगी पडतात.

विद्युतदाहिनी की लाकूड? पुण्यात वैकुंठ स्मशानभूमीत दोन्ही आहे. विद्युतदाहिनीत साधारण दीड-दोन तासांत अस्थी हातात मिळतात, लाकडावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सावडायला जावं लागतं. विधी दोन्हीकडे होतात, पाणी पाजणं, मडकं फोडणं, सगळं. विद्युतदाहिनीने गती मिळत नाही वगैरे ऐकून मनाला लावून घेऊ नका. पेसमेकर असेल तर मात्र आधी सांगा, तो काढावाच लागतो, आगीत त्याची बॅटरी फुटते. एका ओळखीच्यांकडे हे कोणाला आठवलंच नाही आणि तिरडी बांधून झाल्यावर शववाहिका हॉस्पिटलकडे वळवावी लागली. पंचक (मृत्यूला अशुभ मानलेली पाच नक्षत्रं) लागलंय, थांबायचं का, हेही विचारतात. थांबायची गरज नाही, गुरुजी त्याचा विधी तिथेच करतात. गुरुजींना दक्षिणा किती, सामानात काय काय, हे आधी विचारायला अजिबात संकोचू नका.

मुलीने अग्नी दिला तर चालतो का, हा प्रश्न फोनवर हळू आवाजात येतो, बहुतेक वेळा मुलीच विचारतात. मी दिला. आत्याला पटलं नव्हतं, ती म्हणाली पुतण्या आहे की, तो देईल. गुरुजी शांतपणे म्हणाले, लेक आहे, तिचा अधिकार आहे. जोतीराव गेले तेव्हा, १८९० साली, याच पुण्यात सावित्रीबाई स्वतः टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढचं मडकं, हातात धरून पुढे चालल्या होत्या. मी खांद्यावर मडकं घेऊन फिरले तेव्हा पहिल्या फेरीला पाणी पाठीवरून घोट्यापर्यंत आलं, गार, आणि तेवढ्यापुरतं मला काहीच ऐकू येईनासं झालं. ज्या दगडाने मडक्याला भोक पाडतात तो अश्मा दहा दिवस जपायचा असतो. मी तो बाबांच्या रुमालात गुंडाळून बाल्कनीत तुळशीजवळ ठेवला होता. रोज सकाळी तो आहे ना बघायचे. दहाव्याला पुण्यातल्याच ओंकारेश्वराच्या घाटावर नेला, पिंड ठेवले, कावळा तासभर शिवला नाही, मग दर्भाचा केला. त्याचा अर्थ बाबा नाराज होते असा मी लावत नाही आणि कोणी लावू नये. अस्थी थोड्या आळंदीला इंद्रायणीत, बाकी गावच्या शेतात आंब्याखाली. नदीत सगळं सोडलंच पाहिजे असं नाही.

आता जे लिहायला सगळ्यात जड जातंय ते. चौथ्या दिवशी बँकेच्या कामासाठी बाबांचं पाकीट उघडलं तर आतल्या कप्प्यात नेत्रदानाचं कार्ड निघालं. घडी पडून पडून मधोमध फाटायला आलेलं. कधी भरलं होतं, आईलाही माहीत नाही. सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवलं असतं तर ते लोक घरी आले असते, वीस मिनिटांत काम झालं असतं, चेहरा काही विद्रूप होत नाही. आमच्याकडे तर ते पाच तास होते, हातात फोन होता, आणि कोणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यामुळे आता मला फोन आला की धीराचे दोन शब्द झाल्यावर मी आधी हेच विचारते, त्यांनी नेत्रदानाचं काही म्हटलं होतं का? कार्ड नसलं तरी चालतं, जवळच्या नातेवाइकांची संमती पुरते. चष्मा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, डायबेटिस असो, तरी चालतं. टीम येईपर्यंत पंखा बंद ठेवायचा, डोळे मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची. देहदान करायचं असेल तर मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागाला लगेच कळवायचं, तिथेही डॉक्टरचं तेच सर्टिफिकेट लागतं, आणि पोस्टमॉर्टेम झालेला देह घेत नाहीत.

मागच्या दिवाळीत मी आईला विचारलं. फराळाचे डबे भरत होतो, मी म्हटलं आई, तुझं काय? मला वाटलं रागावेल. तिने चिवड्याचा डबा बंद केला आणि इतक्या दिवसांचं ठरवून ठेवल्यासारखं सांगितलं की डोळे द्यायचे, विद्युतदाहिनी, दहाव्याला मोठी पंगत नको, दादासाठी थांबायचं नाही आणि त्याला अपराधी वाटू द्यायचं नाही. मग जरा थांबून म्हणाली, "आणि मला ती हिरवी इरकल नेसव. विधवेला हिरवी कशाला म्हणून आत्या बोलेल. तू ऐकू नकोस, ती साडी त्यांनी आणलेली आहे." मी सगळं कागदावर लिहून घेतलं, खाली तिची सही घेतली, डॉक्टरांचा नंबर, नेत्रपेढीचा नंबर आणि आधारची झेरॉक्स त्याला टाचली, एक प्रत खालच्या काकूंकडे दिली. इरकल कपाटाच्या वरच्या कप्प्यात वेगळी ठेवलीय, ब्लाउजसकट.