मुकुट कोणाच्या हातचा?

प्राचीन पश्चिम आशियावर मी अधूनमधून व्याख्याने देतो, आणि विषय कोणताही असला तरी शेवटी कोणीतरी उठून विचारतेच : आर्मेनिया नक्की कोणाचा होता, रोमचा की इराणचा, आणि त्या बर्फाळ डोंगरांसाठी दोन साम्राज्ये जवळजवळ पाचशे वर्षे का भांडत राहिली? सभागृहात ‘मोक्याची जागा’ एवढे सांगून मी वेळ मारून नेतो. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून या वेळी जरा नीट लिहितो.

मोक्याची जागा हे उत्तर खोटे नाही. युफ्रेटिस आणि आरस या नद्या याच डोंगराळ पठारावर उगम पावतात, आणि मोठी खोरी पूर्व-पश्चिम पसरलेली असल्यामुळे इराणातून अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, फौज न्यायची झाली तर एक सोयीची वाट येथूनच जाते. घोड्यांसाठीही हा मुलूख नावाजलेला होता. इराणी सम्राटाकडे येथून दरवर्षी २० हजार शिंगरे पाठवली जात, असे स्ट्रॅबो हा ग्रीक भूगोलकार लिहितो. परंतु हा मुलूख जिंकणे सोपे आणि राखणे अवघड होते, कारण हिवाळ्यात खिंडी बंद होत आणि खोऱ्याखोऱ्यांतले सरदार आपापल्या गढ्यांत बसून दोन्ही बाजूंशी बोलणी करत. इ.स. ११४ मध्ये रोमन सम्राट ट्रेजनने आर्मेनियाला रोमचा प्रांत करून टाकले. तीनच वर्षांत त्याचा वारस हेड्रियन याने तो नाद सोडला.

म्हणून माझ्या मते हे भांडण जमिनीचे कमी आणि मुकुटाचे अधिक होते. तेव्हा इराणवर पार्थियन घराण्याचे राज्य होते. पार्थियन राजा वोलोगासेस याने आपला भाऊ तिरिदातेस याला आर्मेनियाच्या गादीवर बसवले, तेव्हा रोमन सम्राट नीरो याचा सेनापती कोर्बुलो याने राजधानी आर्ताक्साता उद्ध्वस्त केली, पुढे इ.स. ६२ मध्ये ऱ्हांडेया येथे दुसऱ्या एका रोमन सेनापतीला मान खाली घालून माघार घ्यावी लागली. अखेर ६३ मध्ये त्याच ठिकाणी असे ठरले की राजा पार्थियन घराण्यातलाच असेल, मात्र मुकुट रोमच्या सम्राटाकडून घेईल. तिरिदातेसने आपला मुकुट नीरोच्या पुतळ्यापाशी उतरवून ठेवला आणि तो परत घेण्यासाठी तो रोमला निघाला. तो स्वतः मग, म्हणजे इराणी धर्माचा पुरोहित होता. समुद्र विटाळू नये म्हणून तो खुष्कीच्या मार्गाने गेला आणि प्रवासाला नऊ महिने लागले. सोबत ३ हजार पार्थियन स्वार होते, आणि बुरख्याऐवजी सोन्याचे शिरस्त्राण घातलेली राणी त्याच्या बरोबरीने घोड्यावर होती. या लवाजम्यासाठी रोमच्या तिजोरीतून रोज ८ लाख सेस्टर्स (रोमन नाणी) खर्च होत असल्याचे रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. नीरोसमोर जाताना खंजीर उतरवायला तिरिदातेसने साफ नकार दिला. मग तो म्यानाला खिळ्यांनी ठोकून पक्का केला आणि तसाच कमरेला ठेवून तो गुडघ्यांवर बसला. मला तो सगळा तह त्या खिळ्यांत दिसतो. आपण अशा राजाला ‘मांडलिक’ म्हणून मोकळे होतो, परंतु वंश एकाचा आणि मुकुट दुसऱ्याचा असलेल्या माणसाला तो शब्द अपुरा पडतो.

ग्रीकांचे काय, असेही विचारले जाते. इ.स.पू. १९० मध्ये अनातोलियातल्या मॅग्नेशियाला रोमनांनी ग्रीक वंशाचा राजा अँटिओकस तिसरा याचा पराभव केला आणि त्याच्याच वतीने आर्मेनिया सांभाळणारा आर्ताक्सियास स्वतंत्र राजा झाला. तेव्हापासून येथे ग्रीक सत्ता उरली नाही, भाषा मात्र उरली. इ.स.पू. ५३ मध्ये पार्थियनांवर चालून गेलेल्या रोमन सेनापती क्रॅससचे मुंडके आणले गेले तेव्हा आर्मेनियाचा राजा आणि पार्थियन राजा एकत्र बसून ग्रीक नाटककार युरिपिडीसचे नाटक पाहत होते, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो. येरेवानजवळ गार्नी येथे सापडलेला तिरिदातेस राजाचा शिलालेखही ग्रीकच आहे, आणि बहुतेक अभ्यासक हा राजा म्हणजे खंजिराला खिळे ठोकणारा तिरिदातेसच मानतात. घराणे इराणी, मुकुट रोमन आणि दगडावरची अक्षरे ग्रीक.

तडजोड कायम टिकली नाही. इराणात पार्थियनांच्या जागी सासानी घराणे आले आणि त्यांना आर्मेनियातले जुने पार्थियन घराणे खुपू लागले. इ.स. ३८७ च्या सुमारास दोन्ही साम्राज्यांनी देशाची वाटणी केली. बराच मोठा वाटा इराणकडे गेला. रोमच्या बाजूला राजपद लवकरच संपले, इराणच्या बाजूला ते ४२८ पर्यंत चालले. त्या वर्षी शेवटच्या राजाला पदच्युत केले ते सासानी सम्राट बहराम पाचवा याने, पण तशी मागणी घेऊन त्याच्याकडे गेले होते आर्मेनियाचेच सरदार.