शिळ्या पोळ्यांचं बेक: सहावा प्रयत्न, यावेळी तळ कोरडा

मंडळी, रविवारी सहाव्यांदा केलं आणि यावेळी सुरीने कापल्यावर तुकडा ताटात सरळ उभा राहिला, खाली पाणी नाही, पोळीचा लगदा नाही. इतका आनंद झालाय की सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवतेय.

नवीन असाल तर थोडक्यात सांगते, उरलेल्या पोळ्या, उरलेली भाजी किंवा उसळ, व्हाईट सॉस आणि चीज असे थर लावायचे आणि ओटीजीत, म्हणजे विजेवरच्या छोट्या ओव्हनमध्ये, भाजायचं. याला कॅसरोल म्हणतात पण आमच्याकडे कॅसरोल म्हटलं की सगळे पोळ्यांच्या डब्याकडे बघतात, म्हणून घरात याचं नाव नुसतं "बेक" पडलंय. तसा तो फ्रेंच शब्द मुळात भांड्याचाच, त्यात केलेल्या पदार्थाला नंतर तेच नाव लागलं.

आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो, घरात चार माणसं, आणि कोण कधी जेवायला पोचेल याचा भरवसा नसल्यामुळे पाच-सहा पोळ्या हमखास उरतात. सासूबाई अन्न टाकू देत नाहीत आणि मला ते शंभर टक्के पटतं. फोडणीची पोळी सगळ्यांना आवडते, पण पावसाळ्यात स्टेशनवरून भिजून घरी आलं की काहीतरी गरम, मऊ, वरून खरपूस असं खावंसं वाटतं आणि तिथून हे सुरू झालं.

पहिले तीन प्रयत्न एका वाक्यात संपतात, चव छान पण खाली तळं. चौथ्या वेळी वाटलं की आमटी वाया कशाला घालवायची, म्हणून उरलेली आमटी गरम दुधाच्या सॉसमध्ये ओतली, तिच्यात आमसूल होतं, सॉस डोळ्यासमोर फाटला. आंबटाने दूध फाटतं हे आपल्याला माहीत असतंच पण सॉसमध्ये मैदा असल्यामुळे निभावेल असं मला वाटलं होतं, नाही निभावलं. तेव्हापासून आमसूल, चिंच, जास्त टोमॅटो असलेलं काहीही सॉसमध्ये मिसळत नाही, वेगळं आटवून त्याचा स्वतंत्र थर लावते.

पाचव्या वेळी ओटीजीचा घोळ कळला. आमचा २८ लिटरचा आहे, नॉब १८० वर होता आणि आत थर्मामीटर ठेवला तर जेमतेम १६०! म्हणजे इतके दिवस मी कमी आचेवर भाजत होते आणि भाजीतलं पाणी उडतच नव्हतं. आता नॉब २०० वर ठेवते तेव्हा आत १८० च्या आसपास येतं. ओव्हनचा थर्मामीटर खरंच घ्या, महाग नसतो आणि त्यानंतर अंदाजाने काही करावं लागत नाही.

आता सहावा. शनिवारच्या ६ पोळ्या, साधारण दोन वाट्या फ्लॉवर-बटाट्याची भाजी, एक वाटी मसुराची उसळ. उसळ कढईत मोठ्या आचेवर परतून पार कोरडी केली, चमचा फिरवल्यावर कढईचा तळ दिसला पाहिजे इतकी. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे असं माझं आता ठाम मत झालंय, कारण भाजी ओव्हनमध्ये आणखी पाणी सोडते आणि ते झिरपून खालीच जातं.

पोळ्यांचं पण सांगते. फ्रीजमधली पोळी वातड-कडक होते ती फक्त सुकल्यामुळे नाही, पिठातला स्टार्च थंडीत परत घट्ट बसतो आणि गरम केलं की सैल होतो, म्हणून शिळी पोळी तव्यावर पुन्हा मऊ पडते. मी पहिल्या तिन्ही वेळा तशी मऊ करून लावत होते आणि ती सगळा सॉस पिऊन विरघळायची. आता मंद तव्यावर दाबून दाबून खाकऱ्यासारखी कडक करते आणि दोन्ही बाजूंनी तूप लावते, तुपामुळे ओल लगेच आत शिरत नाही. भांडं आठ इंची चौकोनी काचेचं आहे, त्यामुळे प्रत्येक पोळीचे दोन अर्धे करून सरळ कडा भांड्याच्या भिंतीला लावायच्या आणि मधली फट तुकड्यांनी भरायची, वाया काही जात नाही.

सॉसला ४० ग्रॅम लोणी, ४० ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध. मैदा लोण्यात दोन-तीन मिनिटं परतायचा, कच्चा वास गेला पाहिजे पण रंग नको, मग दूध थोडं थोडं. नेहमीच्या सॉसला मी दोन्ही ३०-३० ग्रॅम घेते, बेकसाठी घट्टच हवा. मिरपूड, जायफळ, मीठ अजिबात नाही कारण भाजीत आहे, चीजमध्ये आहे.

आणि तळाचा प्रश्न शेवटी सोडवला सासूबाईंनी. त्या शेजारी बसून लसूण सोलत होत्या, माझी सगळी खटपट बघून म्हणाल्या, "अगं, खाली भाजलेला रवा भुरभुरव की, पाणी सुटलं तर तो पिऊन घेईल." दोन चमचे रवा पसरला, बस्स. इतक्या वेळा मी आच आणि वेळ बदलत बसले होते, आईंना ते एका नजरेत दिसलं.

वरून चीज. प्रोसेस्ड चीज नुसतं मऊ वितळतं, तार येत नाही, मोझरेलाला तार येते पण चव सौम्य, म्हणून दोन्ही ५०-५० ग्रॅम. त्यावर शिळ्या लादीपावाचा चुरा, लसूण आणि तुपात परतलेला. २५ मिनिटं दोन्ही रॉड, मग पाच मिनिटं फक्त वरचा. मधोमध तापमान मोजलं, ७८ आलं, ७४ च्या वर गेलं की मी निश्चिंत असते.

नंतर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही! मुलगा भांड्याभोवती घिरट्या घालत होता, पण सॉस निवताना घट्ट होतो आणि तेव्हाच तुकडा नीट निघतो.

भाताचं बेक करणाऱ्यांसाठी मात्र कळकळीने सांगते, आपल्याकडच्या दमट हवेत भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू वाढू शकतो, त्याचे बीजाणू शिजवून मरत नाहीत आणि त्याचं एक विष तर पुन्हा गरम केलं तरी टिकतं, म्हणजे ओव्हन तुम्हाला वाचवणार नाही. जेवणं झाली की परातीत पसरून गार करायचा, तासाभरात फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. आणि काचेचं भांडं थेट फ्रीजमधून तापलेल्या ओव्हनमध्ये नको, अर्धा तास बाहेर राहू द्या.

राहिलेले दोन तुकडे सोमवारी डब्यात गेले. पुढच्या वेळी मैद्याऐवजी कणीक वापरून सॉस करायचाय, तुमच्यापैकी कोणी केला असेल तर कणीक किती घेतली आणि गुठळ्या झाल्या का ते सांगा. आईंना मात्र मटकीच्या उसळीचं हवंय, त्यांनी काल रात्रीच मटकी भिजत घातली, त्यामुळे आधी तेच होणार.