पन्हाळा ते ओसाका: भटकंतीची नोकरी होताना

महाविद्यालयात असताना दर जुलैमध्ये मी पन्हाळा ते पावनखिंड ही पदभ्रमंती करत असे. पहिली दोन वर्षे मी नुसती चालले. तिसऱ्या वर्षी एका तुकडीची जबाबदारी माझ्याकडे आली. मसाई पठारावर पाय मुरगळलेल्या मुलाला पुढच्या वाडीपर्यंत कसे न्यायचे, मुक्कामाच्या गावी भाकरी किती वाजता तयार ठेवायला सांगायच्या, रेंगाळणाऱ्यांच्या मागे कोणी चालायचे, हे सारे ठरवण्यात मला चालण्याइतकाच आनंद मिळतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. आज मी ओसाकामध्ये भारतीय पर्यटकांच्या सहली आखणाऱ्या कंपनीत पूर्णवेळ काम करते. सुट्टीत घरी आले की रंकाळ्यावर कोणीतरी हमखास विचारते, "ताई, मलाही फिरायची फार आवड आहे, बाहेर जायचं तर काय करू?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी व्हिसाविषयी. पदवीनंतर एका एजंटाने मला "पर्यटक व्हिसावर जा, तिथे पोहोचलात की काम मिळतेच" असे सांगून मोठी रक्कम मागितली होती. बाबांनी ठाम नकार दिला आणि त्यांचे ऐकले, हे मी माझे भाग्य समजते. जपानमध्ये अल्पकालीन व्हिसावर मोबदला घेऊन काम करणे बेकायदा आहे. युरोपातील शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, पण ती परवानगी राहण्याची असते, नोकरीची नव्हे. माझ्या प्रकारच्या नोकरीसाठी पदवी किंवा कामाचा ठरावीक अनुभव लागतो आणि नोकरी देणारी कंपनी आधी मिळवावी लागते. ती तिथल्या इमिग्रेशन कार्यालयातून पात्रतेचे प्रमाणपत्र काढून पाठवते आणि ते दाखवून भारतात व्हिसा मिळतो. ज्यांना आधी एखादे वर्ष राहून, काम करून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून १८ ते ३० वयोगटातील भारतीयांना अशा व्हिसाच्या वर्षाला १,००० जागा खुल्या केल्या आहेत, त्यासाठी सोडत निघते.

दुसरी गोष्ट भाषा, आणि माझ्या मते नोकरी मिळते ती हिच्याच बळावर. जपानी भाषेच्या परीक्षेच्या पाच पातळ्या असतात, एन-५ सर्वांत सोपी आणि एन-१ सर्वांत अवघड. मी नोकरी सांभाळून संध्याकाळी शिकत असे आणि परीक्षेला पहाटेच्या एसटीने पुणे गाठत असे. एन-३ उत्तीर्ण होईपर्यंत माझ्या एकाही अर्जाला उत्तर आले नव्हते. जपानमध्ये पूर्वी परदेशी भाषेत पैसे घेऊन मार्गदर्शन करायला सरकारी परवाना सक्तीचा होता. जानेवारी २०१८ पासून ती सक्ती उठली. इटलीत मात्र तो आजही लागतो, त्यामुळे देश निवडण्यापूर्वी तिथला नियम वाचावा.

आता प्रत्यक्ष काम. गेल्या वर्षी जयसिंगपूरचे एक जैन कुटुंब आमच्याबरोबर होते. जपानी स्वयंपाकात मिसो सूपपासून उडोन या जाड शेवयांच्या रश्शापर्यंत 'दाशी' हा अर्क वापरतात आणि तो बहुतेकदा सुकवलेल्या माशाचा असतो. "मांस नको" एवढेच सांगितले, तर स्वयंपाकी पूर्ण सद्भावनेने तोच रस्सा समोर ठेवतो. म्हणून मासे, अंडी, कांदा, लसूण, बटाटा यांतले काय चालत नाही ते जपानीत लिहून प्रत्येक हॉटेलला आठवडाभर आधी पाठवणे आणि आदल्या दिवशी फोन करून पुन्हा खात्री करणे हे माझे काम असते. त्या घरातल्या आजींनी शेवटच्या दिवशी माझा हात हातात घेतला आणि "पोरी, एकदाही उपाशी राहिलो नाही" म्हणाल्या, तेव्हा मला फार समाधान वाटले.

सामानाचेही तसेच. शिन्कान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, मधल्या स्थानकावर एक-दोन मिनिटेच थांबते. तेवढ्यात चाळीस माणसे बॅगांसह चढू शकत नाहीत. शिवाय टोकियो-ओसाका या तोकायदो मार्गावर लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या बॅगेसाठी वेगळे आरक्षण लागते. म्हणून आम्ही मोठ्या बॅगा आदल्या दिवशीच 'ताक्क्यूबिन' या घरपोच सेवेने पुढच्या हॉटेलात पाठवतो.

स्वतःसाठी फिरणे यात कमी होते, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. क्योतोचे किन्काकुजी हे सोनेरी मंदिर मी असंख्य वेळा पाहिले आहे, पण बहुतेक वेळा माझे लक्ष माणसे मोजण्यात असते. चेरीचा बहर आणि शरदातली लाल पाने हे आमचे ऐन हंगाम, त्यामुळे दिवाळी घरी होत नाही, आणि आईला त्याचे वाईट वाटते. सुट्टी मिळते ती जुलैच्या सुमारास. यंदाही मी १२ जुलैला पहाटे पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी पोहोचले. तुकडीप्रमुख एक विद्यार्थिनी होती. मी तिला माझे नाव दिले आणि सर्वांत शेवटी चालायची परवानगी मागून घेतली.