तीन चिठ्ठ्या

शिबिरात दुपारपर्यंत शंभरेक जणांचं बीपी मोजून झालं होतं. पन्नाशीतले एक काका समोर येऊन बसले. रीडिंग आलं १७८/१०४. रांगेतून बोलत बोलत आलेल्या माणसाचं पहिलं रीडिंग मी धरत नाही. त्यांना पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसवलं. दंड जाड होता, म्हणून मोठा पट्टा बांधला. लहान पट्ट्याने बीपी उगाच चढलेलं दिसतं. तरीही १७२/१०२.

"गोळी चालू आहे का?"

त्यांनी पाकिटातून घड्या घातलेल्या तीन चिठ्ठ्या काढल्या. तिन्ही आमच्याच शिबिरांतल्या, वेगवेगळ्या महिन्यांच्या. प्रत्येकीवर वरचा आकडा १६०च्या पुढे, खाली 'दवाखान्यात दाखवा'. मधल्या चिठ्ठीवर सही माझी.

"त्रास काहीच नव्हता, डॉक्टर. आणि दाखवायचं कुणाला, ते कुणी सांगितलं नाही."

एका दिवसाच्या आकड्यावर मी सहसा गोळी सुरू करत नाही; दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतो. इथे तो पुरावा ते कधीपासून खिशात घेऊन फिरत होते. छातीत दुखणं, धाप, नजर धूसर होणं, यातलं काही नाही ना ते विचारलं. मूत्रपिंड आणि साखरेच्या तपासणीसाठी रक्त घेतलं आणि महिन्याच्या गोळ्या तिथेच दिल्या.

संध्याकाळी सिस्टरांनी रजिस्टर काढलं. काकांची नोंद 'नवीन रुग्ण' म्हणून तीनदा. म्हणजे अहवालात आम्ही तीन रुग्ण शोधले होते आणि उपचार एकावरही नाही! जगात ३० ते ७९ वयातल्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना त्याचा पत्ता नसतो, नियंत्रण असतं साधारण पाचातल्या एकाचं, हे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे मी प्रशिक्षणात कितीदा सांगितलेत. पत्ता लागलेली माणसं आमच्याच टेबलावरून उठून हरवतात, हे मात्र कधी मोजलं नव्हतं. रजिस्टरमध्ये पुढच्या भेटीचा रकानाच नव्हता.

उपाय सिस्टरांनी काढला. एक खोका, बारा महिन्यांचे बारा कप्पे. ज्याची भेट ज्या महिन्यात, त्याचं कार्ड त्या कप्प्यात. महिनाअखेर जे कार्ड उरेल, त्याला फोन.

पहिल्याच महिन्यात काकांचं कार्ड उरलं. बरं वाटतंय म्हणून त्यांनी गोळी थांबवली होती. फोन गेल्यावर दुसऱ्या दिवशी आले: १५८/९४. गोळी पुन्हा सुरू केली. कार्ड सिस्टरांनी पुढच्या कप्प्यात सरकवलं.