पानशेतात गेलं

गोखलेनगरला आत्याकडे गेले ती ‘तुंबाडचे खोत’चा पहिला खंड परत करायला आणि दुसरा उचलायला. श्री. ना. पेंडशांच्या या कादंबरीत खोतांच्या चार पिढ्या आहेत आणि पिशवीचा बंद तुटेल एवढं वजन. (भाचा म्हणाला, “तो भीतीदायक सिनेमा?” २०१८च्या त्या सिनेमाने नाव तेवढं इथून उचललंय, गोष्ट निराळी, हे सांगेपर्यंत तो पसार.)

आत्याने चहा टाकला. “बोल, काय वाटलं?”

बसमध्ये मी दोनचार शहाणी वाक्यं जुळवून ठेवली होती. कोकणातली जगबुडी, तिच्या काठचं तुंबाड, खोतांचा बडेजाव आणि मग उतरती कळा...

“नदीचं म्हणशील तर आमची मुठा,” आत्या म्हणाली आणि पेंडसे तिथेच संपले.

१२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं. ओंकारेश्वराजवळचा आमचा वाडा पाण्यात गेला. आत्या तेव्हा वीस वर्षांची. तेव्हापासून आमच्या घरात वस्तू हरवत नाहीत, पानशेतात जातात. पणजोबांची सनद, आजीची ठुशी, वंशावळीचा कागद. बाबांचं मॅट्रिकचं सर्टिफिकेटही गेलं, त्यामुळे त्यांचे मार्क शेवटपर्यंत कुणाला कळले नाहीत. चांदीचं तबक तर १९७२ साली घेतलेलं, पावती आहे. तेही पानशेतातच गेलं.

खोतांचं बरं आहे, पान उलटून बघता येतं. आमच्याकडे पाणी कुठवर चढलं यावरच तीन भावंडांची तीन मतं. बाबा म्हणायचे, माडीच्या चौथ्या पायरीपर्यंत. काका म्हणतो, देवघराच्या कोनाड्यापर्यंत. आत्या हात वर करून दाखवते आणि दरवर्षी तो हात थोडा खाली येतो. तिचा खांदा दुखतो, हेही आहेच.

“वाड्यातून निघताना तू काय घेतलंस?”

“लोणच्याची बरणी. आईने हातात दिली ती. ट्रंक राहिली.”

“ट्रंकेत काय होतं?”

“दोन साड्या. पत्रं होती.”

“कुणाची?”

आत्या चहा गाळत होती. गाळून झाला तरी गाळणं कपावर तसंच धरून उभी राहिली, शेवटचा थेंब पडेपर्यंत. मग मोरीत आपटून चोथा काढला.

“पानशेतात गेली,” म्हणाली. “साखर बघ गं, पुरे का.”

साखर घालायचीच राहिली होती. पुरे आहे म्हटलं.

दुसरा खंड मी निम्मा वाचला आणि बसमध्ये विसरले. आठवडाभर फोन करायचा धीर होईना. शेवटी केला.

“आत्या, तुझं ते पुस्तक...”

“गेलं का पानशेतात?”

“हो.”

“जाऊ दे. रविवारी ये, पुढचं मी सांगते.”