बादा शानरनचे रुसलेले पक्षी आणि पोयांगचे चिखलमाखले क्रौंच

नानचांगच्या मेट्रोत तीन नंबरच्या मार्गावर एका चित्रकाराच्या नावाचं स्टेशन आहे, बादा शानरन. ज्या माणसाने एके काळी बोलणंच टाकलं आणि दारावर ‘मुका’ असं लिहून ठेवलं, त्याचं नाव आता दिवसभर लाउडस्पीकरवरून पुकारलं जातं. मला हसू आलं. डब्यातल्या बाकीच्यांना सवय असणार.

शांघायहून वेगवान रेल्वेने तीन-चार तासांत नानचांगला पोचता येतं. चीनला जाणारी आपली मंडळी बीजिंगची भिंत आणि शियानचे मातीचे सैनिक बघून परततात, इकडे कुणी फिरकत नाही. मला इथे ओढून आणलं दोन गोष्टींनी. एक, शहराजवळचं पोयांग सरोवर. जगातले जवळजवळ सगळे सायबेरियन क्रौंच हिवाळा तिथे काढतात. दुसरा हा चित्रकार, 1626 साली याच शहरात जन्मलेला. चित्रकलेतलं मला फारसं कळत नाही. मी पक्षी बघणारी बाई, चित्रंही पक्ष्यांसाठीच बघते.

त्याचं खरं नाव जू दा. मिंग राजघराण्यातला. 1644 मध्ये मिंग सत्ता कोसळली, मांचूंचं छिंग राज्य आलं आणि जुन्या राजवंशातल्या माणसांना जीव वाचवणं अवघड झालं. 1648 मध्ये हा डोकं भादरून बौद्ध भिक्षू झाला आणि पुढची तीसेक वर्षं मठांत राहिला. 1680च्या सुमारास डोकं फिरलं म्हणतात. अंगावरची भिक्षूची वस्त्रं जाळून टाकली आणि कधी हसत, कधी रडत नानचांगच्या रस्त्यांवरून हिंडला. ते वेड खरं होतं की नव्या राज्यकर्त्यांपासून वाचायला घेतलेलं सोंग, यावर अजून वाद चालू आहेत. मग 1705 मध्ये मरेपर्यंत चित्रं काढून विकली.

छिंगयुनपू भागातल्या एका जुन्या ताओ मंदिरात 1959 पासून त्याचं स्मारक-संग्रहालय आहे. तो इथे राहत होता असं सांगतात, पण सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही. जागा मात्र सुरेख आहे. पांढऱ्या भिंती, जुनी झाडं, शेजारी तळं. दालनांत उजेड मंद, कारण कागद नाजूक. शाळेच्या सहली त्याच्या सहीपाशी हमखास थांबतात. नावाची चार अक्षरं त्याने अशी जोडून काढली आहेत, की बघणाऱ्याला कधी ‘रडणं’ वाचता येतं, कधी ‘हसणं’. मी गर्दी टाळून पक्ष्यांकडे गेले.

आणि तिथेच खिळले. भल्यामोठ्या कोऱ्या कागदावर खाली एक दगड, दगडावर एक पक्षी. बस. मागे झाड नाही, आकाश नाही. पक्षी एका पायावर उभा, मान खांद्यांत ओढून घेतलेली, पाठ गोळा झालेली. आणि तो डोळा! लांबट, जवळजवळ चौकोनी, बुबुळ वरच्या कडेला जाऊन टेकलेलं. समोरच्याकडे बघायचंच नाही, असं ठरवलेला डोळा.

या डोळ्यांमागे एक जुनी गोष्ट आहे. तिसऱ्या शतकातला कवी रुआन जी आवडत्या माणसाकडे सरळ बघे, पण ढोंगी माणूस आला की नुसते डोळ्यांचे पांढरे दाखवी. त्यामुळे बादा शानरनच्या पक्ष्यांचं राजकीय वाचन ठरलेलंच आहे: पक्षी म्हणजे हरवलेल्या राज्याचा राजपुत्र, डोळे म्हणजे नव्या सत्तेचा तिरस्कार. त्यात तथ्य आहेच. 1690च्या त्याच्या एका चित्रात दोन ध्यानासारखे मोर आहेत आणि त्यांच्या शेपटांत मोजकी तीन पिसं. छिंग दरबारातले बडे अधिकारी टोपीला मोरपीस लावत. टोमणा कळायला फार हुशारी लागत नाही.

पण प्रत्येक पक्ष्याला असा राजपुत्र करून टाकला, की पक्षी बघायचा राहून जातो. त्याच्या आवडत्या पक्ष्यांत एक आहे शेंडीवाली मैना, आपल्या साळुंकीची काळीभोर चुलत बहीण, चोचीच्या मुळाशी ताठ केसांचा झुपका असलेली. संग्रहालयाच्या हिरवळीवर अशा चार-पाच चालल्या होत्या. दुपार कलली, गारठा वाढला, तशी त्यांतली एक भिंतीवर जाऊन बसली. एक पाय पोटात, पिसं फुगवलेली, मान गायब. थंडीत पक्षी उष्णता वाचवायला असाच बसतो. आत चित्रात जे दुःख म्हणून दाखवतात, त्यातलं निम्मं जानेवारीतल्या नानचांगचं हवामान आहे. बसण्याची ढब त्याने अचूक टिपली आहे. डोळा मात्र कुठल्याच पक्ष्याचा नाही. एवढं बरोबर बघणारा माणूस डोळा काढताना चुकेल कसा? तो त्याने मुद्दाम माणसाचा काढला आहे.

चिनी पक्षिचित्रांची दुसरी परंपरा याच्या अगदी उलट. बारीक कुंचल्याने आधी रेघ, मग रंगाचे थरावर थर, पिसान्‌पीस मोजून घ्यावं असं काम. सम्राट ह्वेइझोंग स्वतः असा चित्रकार होता. त्याच्या दरबारातल्या चित्रकारांनी मोर काढला, तेव्हा त्याने तो नापास केला म्हणे, कारण उंचवट्यावर चढताना मोर आधी डावा पाय उचलतो आणि यांनी उजवा काढला होता. 1112 साली राजवाड्याच्या छपरावर क्रौंचांचा थवा आला, तो प्रसंगही त्याने रंगवला. वीस क्रौंच आहेत त्यात. मूळ चित्र शेनयांगच्या संग्रहालयात आहे.

नानचांगच्याच हद्दीत, जिनश्येन तालुक्यात वनगांग नावाचं गाव आहे, कुंचल्यांचं. तिथल्या एका दुकानदार आजोबांनी मला कागद-शाई देऊन बसवलं. मोबाइलमधल्या भाषांतरावर आमचं संभाषण चाललं होतं. बकरीच्या केसांचा कुंचला मऊ, पाणी धरून ठेवणारा. विझल या मुंगसासारख्या प्राण्याच्या केसांचा ताठ, लगेच उसळी घेणारा. कागद श्वेन नावाचा, शेजारच्या आन्ह्वेइ प्रांतातला, निळं चंदन म्हणतात त्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून केलेला. त्याला तुरटीचा हात दिला, की शाई जागच्या जागी राहते. न दिलेला कागद शाई पिऊन टाकतो. कुंचला टेकवून क्षणभर थांबलात, की ठिपक्याचा डाग होतो. खोडरबर नाही, दुरुस्ती नाही. बादा शानरन अशा कागदावर ओला कुंचला टेकवून एका फटकाऱ्यात पक्ष्याची पाठ काढायचा. आजोबांनीही पाच-सहा फटकाऱ्यांत चिमणी काढून दाखवली. माझ्या चिमणीबद्दल भाषांतरयंत्राने फक्त ‘मेहनत करा’ एवढंच सांगितलं.

क्रौंच बघायला मात्र सरोवराच्या मध्यापर्यंत जावं लागत नाही. उन्हाळ्यात तीन हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरणारं पोयांग हिवाळ्यात आटून हजाराच्याही आत येतं. उथळ पाण्यात उगवणाऱ्या पाणवनस्पतींचे कंद चिखलातून उकरणं, हा सायबेरियन क्रौंचांचा मूळ धंदा. मोठ्या पुरांच्या वर्षी हे कंद नीट धरत नाहीत. तेव्हा भुकेले क्रौंच कमळकाकडीच्या शेतांत उतरायला लागले. म्हणून शहराबाहेर वूशिंग नावाच्या ठिकाणी कमळाची शेतं खास त्यांच्यासाठी राखली आहेत. बांधापलीकडे आडोसे केलेत, आडोशांमागे भल्यामोठ्या लेन्सांची रांग.

पहिली गंमत म्हणजे रंग. चित्रांतले क्रौंच नेहमी धुतल्या तांदळासारखे. इथले मानेपर्यंत चिखलाने बरबटलेले, तोंड खुपसून कमळाची मुळं ओढणारे. पिल्लं तांबूस-तपकिरी, आई-बापांच्या मधे उभी राहून सतत खायला मागणारी. पाइनच्या झाडावर उभा क्रौंच हा दीर्घायुष्याच्या चिनी चित्रांचा आवडता विषय आहे. पण क्रौंचाचं मागचं बोट आखूड आणि वर असतं. फांदी त्याला पकडता येत नाही, तो झाडावर बसतच नाही.

थवा उठला तेव्हा मला सू शी आठवला. अकराव्या शतकातल्या या कवीने लिहून ठेवलंय, की ह्वांग छुआन या नामांकित चित्रकाराने उडता पक्षी मान आणि पाय दोन्ही ताणून काढला, तर एकाने आक्षेप घेतला: मान आखडली तर पाय ताणतात, पाय आखडले तर मान, दोन्ही ताणणारा पक्षी नसतोच. सू शीने खात्री करून घेतली आणि आक्षेप बरोबर ठरवला. बगळ्याला आणि बदकाला नियम लागू पडतो. पण माझ्या डोक्यावरून मान पुढे, पाय मागे, दोन्ही सरळ ताणून, पंखांची काळी टोकं हलवत क्रौंचांच्या रांगा चालल्या होत्या. सू शीने पोयांगला एखादा हिवाळा काढायला हवा होता.

या पक्ष्यांची एक शाखा आपल्याकडे भरतपूरला यायची. 2002 नंतर ती तिथे दिसली नाही. त्यामुळे आडोशामागे उभं राहून शेकडोंनी क्रौंच बघताना आनंदात थोडी चुटपुट मिसळलेली असते.

सुकलेल्या कमळांचीही गोष्ट सांगायला हवी. हिवाळी शेतात पानं गेलेली असतात, देठ मधेच काटकोनात मोडून पाण्यात टेकलेले, वर धुकं. करड्याखेरीज रंग नाही. बादा शानरनने 1697 मध्ये सुमारे तेरा मीटर लांबीच्या पटावर नदीकाठची कमळं काढली, ती आता त्यांजिनमध्ये आहेत. ती कमळं उन्हाळ्यातली, फुललेली. पण देठाची ती एका दमात ओढलेली लांब, डुगडुगती रेघ इथल्या चिखलात जागोजागी उभी होती.

जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. दक्षिण चीनमध्ये घरांना सरकारी उष्णता-व्यवस्था नाही आणि थंडी दमट आहे, हाडांत शिरते, तेव्हा दोन पायमोजे घाला. सकाळी मातीच्या रांजणात रात्रभर शिजलेलं नानचांगचं सूप प्या, शाकाहारी असाल तर तांदळाच्या शेवया मांसाशिवाय मागा. सोमवारी संग्रहालयात जाऊ नका, बहुतेक वेळा बंद असतं. आणि क्रम असा ठेवा: आधी वूशिंगची शेतं, मग संग्रहालय. चिखलातले खरे पक्षी बघून गेलात, की कागदावरचा तो चौकोनी डोळा जास्त खटकतो. त्याने तो खटकावा म्हणूनच काढलाय.